एका चपट्या खाचेचा इतिहास

कुणी भाकऱ्या थापत असाल, कुणी निंदणीवरून येऊन आत्ताच टेकला असाल. हातातलं काम चालू राहू द्या. फक्त एक वस्तू जवळ असली तर बरं, तुमच्या मोबाइलचा चार्जर.

चार्जरच्या ठोकळ्यातून वायर काढून बघा. बऱ्याच घरांत त्या टोकाला चपटी, चौकोनी पिन असेल. तिच्या तोंडात डोकावलं तर चार पट्ट्या दिसतात. बाहेरच्या दोन थोड्या लांब, मधल्या दोन थोड्या आखूड. या पिनला आणि ती जिथे बसते त्या खाचेला यूएसबी म्हणतात. आपल्या ग्रामसंघाच्या कार्यालयातला माउस, प्रिंटर, बँक सखीचं अंगठ्याचं मशीन, पेन ड्राइव्ह हे सगळं याच खाचेत बसतं. घरी बघाल तर छोटा पंखा, वायरवर लटकणारा एलईडी दिवा, दाढीचं मशीन आणि मच्छर मारायची बॅटसुद्धा आता यावरच चार्ज होते.

इतिहास म्हटलं की आपल्याला गड आणि राजे आठवतात. पण घरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो. जात्याला आहे, शिलाई मशीनला आहे, तसा या खाचेलाही आहे आणि तो जेमतेम तीस वर्षांचा आहे. तो समजून घ्यायचं कारण साधं आहे. बाजारात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत या खाचेवर चालणाऱ्या वस्तूंचा पूर आला आहे. त्यातल्या काही फार कामाच्या आहेत, काही नुसती गंमत आहेत आणि काहींवर पैसे घालवणं म्हणजे पैसे पाण्यात टाकणं. कुठली वस्तू कशातली, हे ही खाच कशी जन्मली ते कळलं की आपोआप ओळखता येतं.

तर आधी ही खाच नव्हती तेव्हाची गोष्ट. १९९० च्या आसपास एखाद्या कॉम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं असतं तर भांड्यांच्या दुकानात झाकणं शोधायला गेल्यासारखं झालं असतं. कीबोर्डची पिन गोल. माउसची वेगळी. प्रिंटरची वायर बोटाएवढी जाड आणि तिच्या टोकाला पंचवीस काड्यांची रुंद पिन, दोन्ही बाजूंना स्क्रू. एकाचं दुसऱ्याला बसायचं नाही. नवीन यंत्र जोडायचं तर कॉम्प्युटर बंद करायचा, कधी झाकण उघडून आत पट्टी बसवायची, पुन्हा चालू करायचा, मग फ्लॉपीतून त्या यंत्राचा प्रोग्राम घालायचा. एवढं करून दोन यंत्रांनी आत एकच जागा मागितली तर दोन्ही रुसून बसायची. जाणकार माणूस बोलावल्याशिवाय गत्यंतर नसायचं.

अमेरिकेत इंटेल नावाची मोठी कंपनी आहे, कॉम्प्युटरचा मेंदू म्हणावा तो भाग ती बनवते. तिथे १९९० मध्ये अजय भट्ट नावाचे भारतीय इंजिनियर नोकरीला लागले. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. ज्या सयाजीराव गायकवाडांचं नाव या विद्यापीठाला आहे, ते मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. त्यांनी १९०६ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं होतं.

भट्टांनी मुलाखतींत सांगितलेली गोष्ट अशी. घरी मुलीसाठी काहीतरी छापायचं होतं आणि त्यांच्या पत्नीला प्रिंटर जोडता जोडता नाकी नऊ आले. आपण स्वतः कॉम्प्युटरवाले, आणि आपल्याच घरच्या माणसांना हे जमत नाही, मग बाकीच्यांचं काय होत असेल, हा विचार त्यांच्या डोक्यात बसला. भिंतीतल्या विजेच्या बोर्डात पिन घालायला कुणी इंजिनियर बोलावतं का? मग कॉम्प्युटरला वस्तू जोडणं तितकंच सोपं का असू नये?

कल्पना ऐकल्यावर लगेच सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असं झालं नाही. भट्टांना कंपनीतल्याच लोकांना बराच काळ पटवावं लागलं. आणि एका कंपनीनं ठरवून भागणारही नव्हतं. एका गावानं नवीन माप सुरू केलं आणि बाजारातल्या बाकीच्यांनी ते मानलंच नाही, तर त्या मापाचा काय उपयोग? म्हणून सात कंपन्या एकत्र बसल्या: कॉम्पॅक, डिजिटल इक्विपमेंट, आयबीएम, इंटेल, मायक्रोसॉफ्ट, एनईसी आणि नॉर्टेल. यातल्या काही एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक होत्या. तरी त्यांनी मिळून एकच नियमावली ठरवली. जानेवारी १९९६ मध्ये तिची पहिली आवृत्ती निघाली. तिचं नाव युनिव्हर्सल सिरियल बस, म्हणजेच यूएसबी.

नाव मोठं आहे पण अर्थ सोपा आहे. युनिव्हर्सल म्हणजे सगळ्यांना चालणारी. सिरियल म्हणजे एकामागून एक, रांगेनं. आणि कॉम्प्युटरच्या भाषेत ज्या सामाईक वाटेवरून सगळ्यांची माहिती ये-जा करते तिला बस म्हणतात. आपली एसटी जशी कुणा एकाची नसते, तशी. जुन्या प्रिंटरच्या वायरीत माहिती नेणाऱ्या बऱ्याच तारा शेजारी शेजारी असायच्या. यूएसबीत फक्त चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. पिनमधल्या त्या चार पट्ट्या म्हणजे या चार तारांची टोकं. बाहेरच्या दोन पट्ट्या लांब ठेवल्या, कारण पिन आत सरकवताना आधी वीज पोचावी आणि मग बोलणं सुरू व्हावं. म्हणूनच कॉम्प्युटर बंद न करता ही पिन घालता येते, काढता येते.

आत काय चालतं तेही बघू, कारण ते आपल्या गटाच्या बैठकीसारखंच आहे. बैठकीत अध्यक्ष एकेकीला विचारतात आणि जिला विचारलं ती बोलते. यूएसबीतही तसंच. कॉम्प्युटर हा अध्यक्ष. माउस असो की प्रिंटर, विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही. कॉम्प्युटर सेकंदाला कित्येक वेळा प्रत्येकाला विचारत फिरतो, ‘तुझं काही आहे का?’ नवीन वस्तू जोडली की तिला हजेरीपटावर एक नंबर मिळतो. असे जास्तीत जास्त १२७ नंबर. मग ओळख विचारली जाते: तू कोण, तुझं काम काय, आणि तुला वीज किती लागेल? ओळख होईपर्यंत तिला थोडीच वीज मिळते, १०० मिलिअँपिअर. ती मागणी करते, मागणी बसणारी असली तर मंजूर होते. मंजुरीची कमाल मर्यादा त्या वेळी ५०० मिलिअँपिअर ठेवली होती आणि दाब ५ व्होल्ट. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्यावरच सगळं अवलंबून आहे.

सुरुवातीची दोन वर्षं या खाचेला फारसं कुणी विचारलं नाही. कॉम्प्युटरला खाच होती पण तिच्यात घालायला वस्तू नव्हत्या, आणि वस्तू बनवणारे म्हणत, खाच सगळीकडे येऊ दे, मग बघू. एप्रिल १९९८ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स आणि त्यांचे सहकारी नवीन विंडोज ९८ लोकांना दाखवत होते. सहकाऱ्यानं यूएसबीवर चालणारा स्कॅनर जोडला आणि भरल्या सभागृहात पडदा निळा होऊन कॉम्प्युटर बंद पडला. हशा पिकला. आम्ही अजून हे विकायला काढलं नाही त्याचं कारण हेच असावं, अशा अर्थाचं काहीतरी गेट्स हसत म्हणाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ॲपल कंपनीनं आयमॅक नावाचा रंगीत, अर्धपारदर्शक कॉम्प्युटर विकायला आणला. त्याच्यात जुन्या गोल आणि रुंद खाचा काढून टाकल्या होत्या, फ्लॉपीची जागाही नव्हती. कीबोर्ड, माउस, प्रिंटर सगळं यूएसबीवर. तो इतका खपला की वस्तू बनवणाऱ्यांना यूएसबीकडे वळावंच लागलं. २००० साली दुसरी आवृत्ती आली. तिचा वेग पहिल्या आवृत्तीच्या चाळीसपट होता.

याच सुमारास पेन ड्राइव्ह आली. त्याआधी कागदपत्रं एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात न्यायची तर फ्लॉपी लागायची. तिच्यात १.४४ एमबी माहिती मावायची, म्हणजे आजच्या मोबाइलचा एक चांगला फोटोही बसायचा नाही. धूळ बसली की ती खराब व्हायची. २००० साली सिंगापूरच्या ट्रेक कंपनीनं थंब ड्राइव्ह आणली, आणि इस्रायलच्या एम-सिस्टिम्सनं बनवलेली ८ एमबीची कांडी वर्षअखेरीला आयबीएमनं विकायला सुरुवात केली. पहिली कुणाची यावर वाद आहेत, ते राहू देत. आठ एमबी म्हणजे पाच फ्लॉप्यांपेक्षा जास्त, आणि तेही बोटाएवढ्या कांडीत. आपल्या रेडिओसाठी गावागावांतून येणारी गाणी आणि मुलाखती आजही कितीदा अशाच एका कांडीतून केंद्रावर येतात.

आता विचित्र वस्तूंकडे वळू. माहिती नेण्यासाठी बनवलेल्या खाचेवर पंखे आणि दिवे कुठून आले? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण वीज. माउसला वेगळा विजेचा ठोकळा लागू नये म्हणून या खाचेत थोडी वीज ठेवली होती. कुणाच्या तरी लक्षात आलं की माहितीच्या दोन तारा जोडल्याच नाहीत आणि विजेच्या दोनच जोडल्या, तरी पाच व्होल्ट मिळतात. मग आत चिप नको, प्रोग्राम नको. दोन तारा, एक पिन आणि एक छोटी मोटर, झाला पंखा. दुसरं कारण मोकळीक. इंटेलनं हे तंत्र वापरण्यासाठी प्रत्येक वस्तूमागे हक्काचे पैसे मागितले नाहीत. कुणीही बनवावं. अजय भट्टांनाही प्रत्येक खाचेमागे पैसे मिळत नाहीत. त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१३ मध्ये युरोपचा संशोधक पुरस्कार मिळाला, २०२५ मध्ये भारत सरकारनं भट्टांना पद्मश्री दिली.

वाट मोकळी असली की तिच्यावरून सगळेच जातात. टोकियो शहरात अकिहाबारा नावाचा विजेच्या वस्तूंचा बाजार आहे. तिथली थँको नावाची कंपनी असल्या वस्तूंसाठी नावाजलेली. गरम होणारे हातमोजे, आत पंखा बसवलेला गळ्यातला टाय, असं काय काय तिनं विकलं. दुसऱ्या एका जपानी कंपनीनं त्यांच्याकडच्या सुशी या भाताच्या पदार्थासारखे दिसणारे पेन ड्राइव्ह काढले, खऱ्या सुशीजवळ ठेवले तर ओळखू येऊ नयेत असे. कुणी टेबलावर ठेवायची छोटी तोफ काढली. ती कॉम्प्युटरवरून फिरवायची आणि शेजारी काम करणाऱ्याला फोमचा बाण मारायचा. अमेरिकेतल्या एका दुकानानं तर कमालच केली. एक दगड, त्याला यूएसबीची वायर. खाचेत घातला की काय होतं? काहीच नाही. तीच त्याची गंमत! अमेरिकेत १९७५ साली पाळीव दगड विकायची लाट आली होती, तिच्यावरचा हा विनोद होता.

आपण हसतो, पण या गमतींतून कामाच्या गोष्टीही निघाल्या. जपानमध्येच कपड्यांत छोटे पंखे बसवून वारा खेळता ठेवायची कल्पना एका निवृत्त इंजिनियरनं २००४ च्या सुमारास बाजारात आणली. आधी लोकांना ती गंमतच वाटली. आज तिथे बांधकामावरचे मजूर उन्हाळ्यात बॅटरीच्या पंख्यांची जाकिटं घालून काम करतात. भर उन्हात कापूस वेचणाऱ्या आपल्या मैत्रिणींना याची किंमत सांगायला नको. आणि दिव्याचं म्हणाल तर तोही योगायोग चांगला जुळला. १९९० च्या दशकात जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी बनला, त्यातून पांढरा एलईडी निघाला आणि अगदी थोड्या विजेत लख्ख उजेड मिळू लागला. या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. पाच व्होल्टच्या खाचेवर जुना पिवळा बल्ब नीट लागलाच नसता.

मग काय चालतं आणि काय चालत नाही? इथे मी आमच्या भागातली एक गोष्ट सांगते. आमच्या एका गटातल्या ताईंनी दिवाळीआधी गटाकडून आठ हजार रुपये कर्ज घेतलं आणि तालुक्याच्या बाजारात मांडायला यूएसबीच्या वस्तू आणल्या. पंखे, दिवे, फोन उभा ठेवायचे स्टँड आणि चहाचा कप गरम करायच्या चकत्या. पंखे आणि दिवे दोन बाजारांत संपले. चकत्याही अठरा खपल्या, पण पुढच्या बाजारात अकरा बायका त्या परत घेऊन आल्या. पाणी गरमच होत नाही म्हणाल्या. ताईंनी ओळखीच्या बायकांचे पैसे परत दिले, घाऊक दुकानदारानं माल परत घेतला नाही आणि गटाचा हप्ता तर भरायचाच होता.

महिन्याच्या बैठकीत आम्ही त्या चकतीचा हिशेब केला. तुम्हीही करा, सोपा आहे. व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट येतात. यूएसबीच्या पहिल्या नियमाप्रमाणे ५ व्होल्ट आणि ५०० मिलिअँपिअर, म्हणजे अर्धा अँपिअर. पाच गुणिले अर्धा, अडीच वॅट. एक कप म्हणजे २०० मिलिलिटर पाणी घ्या. ते ३० अंशांवरून ८० अंशांवर न्यायला जेवढी उष्णता लागते, ती अडीच वॅटनं द्यायची तर चार तास चाळीस मिनिटं लागतात. तेही एक कणभर उष्णता हवेत गेली नाही तर. प्रत्यक्षात कपातून उष्णता निसटत राहते, म्हणून ते पाणी ८० अंशांवर कधीच पोचत नाही. १० वॅटचा चार्जर लावला तरी हिशेबानं एक तास दहा मिनिटं. म्हणजे चकती बिघडलेली नव्हती, तिच्याकडून मागितलेलं कामच तिच्या ताकदीबाहेरचं होतं. आधीच गरम असलेला चहा जरा वेळ कोमट ठेवायला ती ठीक, गार चहा उकळायला नाही. एक शीतपेयाचा डबा बसेल असे यूएसबीचे छोटे फ्रीजही निघाले होते, त्यांचीही हीच गत.

त्यावरून एक नियम आम्ही गटात पक्का केला. जी वस्तू उष्णता देते किंवा थंडावा करते, तिला भरपूर वीज लागते. तिथे यूएसबीचं नाव दिसलं की सावध व्हायचं. जी वस्तू उजेड देते, वारा देते, आवाज देते किंवा माहिती नेते, ती थोड्या विजेत चालते. तिथे बिनधास्त विचार करायचा. अडीच वॅटचा छोटा पंखा बाळाच्या झोळीजवळ छान वारा देतो. अडीच वॅटचा एलईडी दिवा जुन्या पंचवीस वॅटच्या बल्बच्या जवळपास उजेड देतो. १०,००० मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक घरात असेल तर असा एक दिवा किंवा पंखा साधारण दहा तास चालतो. रात्रभर लोडशेडिंग असलं, सकाळी मुलीचा पेपर असला, तर ही गंमत नाही, गरज आहे. त्या ताई आता माल भरताना खोक्याची मागची बाजू आधी वाचतात.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्या सगळ्यांच्या घरात घडला आहे. मोबाइल नवीन आले तेव्हाचे चार्जर आठवा. कुणाची बारीक पिन, कुणाची जाड, कुणाची चपटी. पाहुण्यांकडे गेलं की पहिला प्रश्न, ‘बारीक पिनचा चार्जर आहे का?’ फोन बदलला की चार्जर वाया. चीननं २००६ च्या शेवटी मोबाइलच्या चार्जरला यूएसबीची खाच ठेवण्याचा नियम केला. २००९ मध्ये मोठ्या मोबाइल कंपन्यांनी युरोपात मायक्रो यूएसबी ही एकच पिन वापरायचं मान्य केलं. त्या वेळी तिथे तीसहून जास्त प्रकारचे चार्जर चालू होते. आपल्या घरातले बरेच साधे फोन अजूनही त्याच मायक्रो पिनवर चालतात.

पण चपट्या पिनची एक कटकट राहिलीच होती. ती एकाच बाजूनं बसते. घालायला जावं तर बसत नाही, उलटी करावी तर बसत नाही, पुन्हा सुलटी केली की बसते! अजय भट्टांना हे विचारलं गेलं तेव्हा त्यांनी मोकळेपणानं मान्य केलं की ही मोठी कटकट आहे. दोन्ही बाजूंनी बसणारी पिन करायची तर तारा आणि आतलं सर्किट दुप्पट लागलं असतं, खर्च वाढला असता आणि महाग वस्तू सगळ्यांनी स्वीकारली नसती, असं त्यांचं म्हणणं. तोवर एक खूण सांगते. पिनवर त्रिशूळासारखं चिन्ह असतं, त्याच्या तीन फाट्यांच्या टोकांना गोल, त्रिकोण आणि चौकोन. खाच आडवी असेल तर ते चिन्ह वरच्या बाजूला धरून पिन घाला, बहुतेक वेळा पहिल्या फटक्यात बसेल.

२०१४ मध्ये टाइप-सी पिन आली. ही दोन्ही बाजूंनी बसते. आत चारऐवजी चोवीस जोड आहेत. सोबत वीज देण्याचे नियमही बदलले. वस्तू आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात, कुणाला किती सोसेल ते ठरवतात आणि मग तेवढीच वीज सोडली जाते. २०२१ च्या नियमांनुसार ती २४० वॅटपर्यंत जाऊ शकते. लॅपटॉप आरामात चालतो, पण इंडक्शन शेगडी नाही. तिला दीड-दोन हजार वॅट लागतात, म्हणजे वरचा नियम अजून तसाच आहे.

युरोपनं पुढे कायदाच केला. वापरात नसलेल्या आणि फेकलेल्या चार्जरचा कचरा तिथे वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा त्यांचा अंदाज होता. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाइलना टाइप-सी सक्तीची झाली, लॅपटॉपसाठी एप्रिल २०२६ ची मुदत ठेवली. स्वतःची वेगळी पिन जपणाऱ्या ॲपललाही २०२३ च्या आयफोनपासून टाइप-सी द्यावी लागली. भारतीय मानक ब्युरोनंही २०२३ मध्ये टाइप-सीचं मानक प्रसिद्ध केलं. ज्या घरात एकच चार्जर सासूच्या, सुनेच्या आणि मुलाच्या फोनला चालतो, त्या घराचे किती पैसे वाचले ते तुम्हीच मोजा.

शेवटी एक सावधगिरीची गोष्ट. मघाशी म्हटलं की नवीन वस्तू जोडली की कॉम्प्युटर तिला विचारतो, तू कोण? ती जे सांगेल ते कॉम्प्युटर खरं मानतो. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं की पेन ड्राइव्हच्या आतली सूचना बदलली तर ती ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगू शकते, आणि मग आपण हात न लावता कॉम्प्युटरवर हुकूम टाइप होऊ लागतात. त्याआधी २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस उघडकीला आला. इराणच्या अणुप्रकल्पातल्या यंत्रांपर्यंत तो पोचला होता आणि तो पसरायच्या वाटांपैकी एक वाट पेन ड्राइव्ह ही होती. आपल्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर शेकडो बायकांची खाती, आधार क्रमांक आणि कर्जाचे हिशेब असतात. म्हणून रस्त्यात सापडलेली, कुणा अनोळखी माणसानं दिलेली पेन ड्राइव्ह तिथे घालायची नाही. लग्नाचे फोटो, गाण्यांची कांडी घरी. गटाची कांडी वेगळी ठेवायची, तिच्यावर नाव लिहायचं आणि ती कपाटात कुलपात. एसटी स्टँडवरच्या मोकळ्या खाचेत फोन लावण्यापेक्षा स्वतःचा ठोकळा भिंतीतल्या बोर्डात लावलेला बरा.

पुढच्या बैठकीला एक काम करा. प्रत्येकीनं घरातले सगळे चार्जर आणि वायरी पिशवीत घालून आणा. चालू कुठल्या, बंद कुठल्या, ते वेगळं करा. प्रत्येक ठोकळ्याच्या मागे बारीक अक्षरात ‘आउटपुट’ लिहिलेलं असतं, समोर व्होल्ट आणि अँपिअर. शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला सांगा, दोन आकड्यांचा गुणाकार करा आणि ठोकळ्यावर पेनानं वॅट लिहून ठेवा. ज्यावर आयएसआयचं किंवा बीआयएसच्या नोंदणीचं चिन्हच नाही, जो हाताला चटका बसेल इतका तापतो, तो रात्री अंथरुणाजवळ लावू नका. बंद पडलेल्या वायरी चुलीत घालू नका, त्यांचा धूर विषारी असतो. गटानं एकत्र गोळा करून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

एका घरात प्रिंटर जोडता येईना, त्या त्रासातून सुरू झालेली ही गोष्ट आज आपल्या ओसरीवर येऊन पोचली आहे. तुमच्या गटानं वॅटचा हिशेब केला की आम्हाला रेडिओवर जरूर कळवा. कुणाच्या घरात सगळ्यांत विचित्र यूएसबीची वस्तू निघाली तेही सांगा, पुढच्या भागात वाचून दाखवू. तोवर निरोप घेते. नमस्कार.